मी फरार ठरवलेला माणूस

"तुम्ही माझ्या आजोबांना लफंगा ठरवलंय. पुरावा दाखवा, नाहीतर माफी मागा."

सोमवारी सकाळी इनबॉक्समध्ये सगळ्यांत वर हीच ईमेल होती. पाठवणारा रॉय नावाचा, मोंटाना राज्यातला एक रिटायर्ड इलेक्ट्रिशियन. त्याला मी ओळखत नव्हते. त्याच्या आजोबांना मात्र ओळखत होते, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं. नील मॅकास्किल. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरून अमेरिकेत आलेला. वॉशिंग्टन राज्यातल्या कोळशाच्या खाणीत कामाला लागलेला. बायको आणि चार मुलं टाकून मोंटानाला पळालेला, आणि तिथे स्वतःला अविवाहित म्हणवून दुसरं लग्न केलेला. हे सगळं तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं. जाडजूड रिपोर्ट, तळटीपांसकट.

मी जीनिऑलॉजिस्ट आहे. म्हणजे लोकांचे पूर्वज शोधून द्यायचे, हा माझा व्यवसाय. माझ्या सासूबाई सांगलीकडच्या. त्यांच्या लहानपणी हेळवी दारात यायचे, जाडजूड वह्या उघडून घराण्याच्या दहा पिढ्या घडाघडा वाचून दाखवायचे, आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचे. सासूबाई मला 'आमची हेळवीण' म्हणायच्या. थट्टेत म्हणायच्या, पण या धंद्याची याहून चांगली ओळख मला अजून कुणी करून दिलेली नाही. मी मूळची नागपूरची, शिक्षणाने लायब्ररियन. नवऱ्याच्या नोकरीमागे सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलला आले. व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, म्हणून लायब्ररीत फुकट बसायला लागले. तिथल्या वंशावळीच्या टेबलावर म्हातारे अमेरिकन यायचे. त्यांचे आजोबा-पणजोबा शोधता शोधता त्याचीच नोकरी झाली. आता एका छोट्या रिसर्च फर्ममध्ये आहे. वीस वर्षं होत आली. डोळे गेलेत, मान गेली आहे आणि लोकांच्या पूर्वजांबद्दलचं कुतूहलही बरंचसं गेलं आहे.

कारण येणाऱ्या प्रत्येकाला राजाच हवा असतो. स्कॉटिश नाव असलं की किल्ला हवा असतो. आपली माणसंही कमी नाहीत. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी पोरगा गाठतोच, "काकू, आमचं पण शोधा ना यार, आम्ही पेशव्यांचे कुणीतरी लागतो म्हणे." मी म्हणते, "कारकून निघाले तर चालेल का?" मग तो प्रसादाच्या लाइनकडे वळतो.

डॉरिसला किल्ला नको होता. म्हणून ती माझ्या लक्षात राहिली.

डॉरिस ही नीलची नात, त्याच्या धाकट्या मुलाची मुलगी. तीन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे आली तेव्हा एक्क्याऐंशीची होती. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर काम केलेली, कॅस्केड डोंगरांच्या पायथ्याच्या एका खाणगावात राहणारी. खाणी कधीच बंद पडल्या. आता तिथे एक गॅस स्टेशन, एक डायनर आणि एक कब्रस्तान आहे. तिचा प्रश्न एका ओळीचा होता, "माझा आजोबा पळाला की मेला?"

प्रश्नामागे एक दगड होता. तिच्या आजीने, म्हणजे नीलच्या बायकोने, मरण्याआधी स्वतःसाठी जोडदगड घेऊन ठेवला होता. आपल्याकडे याची कल्पना नसते. नवराबायकोच्या कबरींवर मिळून एकच रुंद दगड असतो, अर्ध्यावर त्याचं नाव, अर्ध्यावर तिचं. आजीचं नाव, फ्लोरा, एका बाजूला कोरलेलं. दुसरी बाजू कोरी. डॉरिसच्या वडिलांनी ती कोरीच ठेवली. "जो टाकून गेला त्याचं नाव माझ्या आईशेजारी लागणार नाही," असं ते म्हणायचे. बापाचं नावसुद्धा त्यांनी कधी घरात उच्चारलं नाही. मेले तेव्हाही तीच अढी मनात धरून मेले. डॉरिसची भावंडं गेली. आता त्या जागेबद्दल निर्णय घेण्याचा हक्क एकट्या डॉरिसकडे उरला होता. नील मेला असेल तर त्याचं नाव तिथे लावायचं. पळाला असेल तर नाही.

मी शोधलं. सापडलंही पटकन, आणि तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

नीलच्या इथल्या लग्नाच्या नोंदीत त्याच्या आईवडिलांची नावं होती, आईच्या माहेरच्या आडनावासकट. मोंटानातल्या लग्नाच्या नोंदीत हुबेहूब तीच नावं होती. तेच बेट. तेच आडनाव, तेही काही जागोजागी सापडणारं नव्हे. गावात जुनी अफवा होतीच, की मोंटानाला गेलेल्या कुणा खाणकामगाराने परत येऊन सांगितलं, नील मॅकास्किल तिकडे आहे आणि त्याचं लग्न झालंय. कागद आणि अफवा एकमेकांना टाळी देत होते. वयात चार वर्षांचा फरक पडत होता. पण त्या काळच्या अमेरिकन कागदांत वय कधीच जुळत नाही. लोकांना स्वतःलाच ठाऊक नसायचं.

आता माझी चूक सांगते. ती आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. बाहेरच्याला ती सुचणारही नाही.

स्कॉटलंडच्या जन्मनोंदीत त्या आईबापांना नील नावाचे दोन मुलगे दिसत होते. दोघांत चार वर्षांचं अंतर. आमच्याकडे एक नियम शिकवतात. एकाच घरात तेच नाव पुन्हा आलं, तर पहिलं मूल गेलं असं समजायचं. तिकडे मूल गेलं की त्याचं नाव पुढच्याला द्यायची रीत होती. त्यामुळे नियम बहुतेक वेळा खरा ठरतो. मी थोरल्या नीलच्या नावापुढे 'बालपणी मृत्यू' असं लिहिलं आणि पुढे गेले. मृत्यूची नोंद शोधली नाही. धाकटा तेरा वर्षांचा असतानाची शिरगणती उघडली, त्यात घरात एकच नील होता. झालं. म्हणजे जगात नील एकच, आणि दोन लग्नं त्या एकाचीच. मला पूर्ण खात्री होती.

रॉयच्या ईमेलला मी पहिल्यांदा रीतसर उत्तर दिलं. थंड, सभ्य, संदर्भांसकट. डॉरिसच्या पुतण्याने माझा रिपोर्ट एका ऑनलाइन वंशवृक्षावर चढवला होता, तिथे त्याने तो वाचला होता. अर्ध्या तासात त्याचा फोन.

"मॅडम, तुमच्या हिशोबाने माझी आजी लग्नाची बायकोच नाही. माझा बाप अनौरस. बरोबर?"

"कागदांवरून तसं दिसतं. आय अ‍ॅम सॉरी."

"आमच्याकडे बायबल आहे. आजोबा स्कॉटलंडहून घेऊन आले होते. त्यांच्या आईने आत सगळ्या पोरांची नावं लिहिली आहेत. फोटो पाठवतो. तुम्हाला वाचता येतं ना?"

शेवटचा टोमणा मी गिळला. फोटो आला. पिवळं पान, आठ नावं. त्यांतल्या दोघांपुढे छोटा क्रूस, म्हणजे ती मुलं गेलेली. नील दोनदा लिहिलेला होता. एकाही नीलपुढे क्रूस नव्हता. थोरल्या नीलच्या ओळीच्या शेवटी वेगळ्या शाईत लिहिलं होतं, 'अमेरिकेला गेला. पत्र नाही.'

मी तो फोटो मोठा करून किती वेळ बघत बसले, सांगता येणार नाही. मग उघडायला हवी होती ती शिरगणती उघडली, मी विसंबलेल्या शिरगणतीहून दहा वर्षं जुनी. एक क्लिक. तीन वर्षांपूर्वीही एकच क्लिक होती. आई, बाप, पोरं. नील, वय सात. नील, वय तीन. एकाच छपराखाली, दोघेही धडधडीत जिवंत.

तिकडची आणखी एक रीत मला पुस्तकातून माहीत होती. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. आता दोन्ही आजोबा नीलच असले तर? तर दोन्ही मुलगे नील. आजोबांचा मान मोडायचा नाही. घरात म्हणायचं थोरला नील, धाकटा नील. मी ज्या शिरगणतीवर विसंबले, त्या वेळी थोरला सतरा वर्षांचा होता. त्या वयाची बेटावरची पोरं महिनोन् महिने मासेमारीच्या बोटींवर असायची, तसाच तोही गेलेला असणार. म्हणून घरात एकच दिसला.

आणि हे मला कळू नये? माझ्या सासरी दोन चुलतभाऊ, दोघंही गोविंद. आजेसासऱ्यांचं नाव. सुना सासऱ्याचं नाव घेणार नाहीत, म्हणून एक बापू झाला आणि एक नाना. लग्न होऊन आले तेव्हा पहिलं वर्षभर मी आहेराच्या पाकिटांवर बापूच्या जागी नानाचं नाव लिहून घोळ घातला होता. दोघांपैकी एक गेला असेल, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. स्वतःचा इतका राग मला क्वचित आला आहे.

म्हणजे दोन लग्नं दोन भावांची. मोंटानाचा धाकटा नील सरळ माणूस होता. रॉयला मी फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "आमच्या स्कायच्या घरी थोरल्याबद्दल काय बोलायचे माहितीये? अमेरिकेत जाऊन श्रीमंत झाला आणि आईला विसरला." समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकाच माणसाच्या नावाने बोटं मोडली जात होती. त्याच्या बाजूने बोलणारं कुणीच नव्हतं. आणि मी तर त्या शिव्यांवर शिक्का मारून दिला होता.

मग थोरला गेला कुठे?

माझा बॉस ब्रायन. वाईट माणूस नाही, पण वकिलासारखा विचार करतो. मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं.

"वासू," तो म्हणाला. वसुधा त्याला वीस वर्षांत जमलेलं नाही. "केस क्लोज्ड आहे. ती बाई चौऱ्याऐंशीची आहे. तिने ते स्वीकारलंय. आता जाऊन काय सांगणार? आम्ही चुकलो, पण खरं काय ते माहीत नाही?"

"चुकलो एवढं तरी सांगायलाच हवं."

"सांग. पण हातात काहीतरी घेऊन सांग. अर्धवट काही पाठवू नकोस."

त्याचं म्हणणं मला नाइलाजाने पटलं. घरी नवऱ्याला सांगितलं तर श्रीकांत म्हणाला, "अगं, तू या वर्षी काम कमी करणार होतीस ना?" मी म्हटलं, "होते." मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, जस्ट टेल हर." तिला सगळं सोपंच वाटतं.

पहिल्या वेळी डॉरिसने एक गोष्ट सांगितली होती आणि मी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. नील गेला तो उन्हाळ्यात, उत्तरेकडे जंगलात लाकूडतोडीच्या कॅम्पवर. उन्हाळ्यात खाणीचं काम मंदावायचं तेव्हा बरेच जण तिकडे जायचे. हिवाळ्याच्या आत येतो म्हणाला होता. मी उत्तरेकडच्या काउंटींची, म्हणजे इथल्या जिल्ह्यांची, यादी केली आणि एकेका काउंटीचं रेकॉर्ड चाळायला लागले. मृत्यूच्या नोंदी, जुनी वर्तमानपत्रं, दवाखान्यांची रजिस्टरं. मॅकास्किल कुठेच नाही. शनिवार-रविवार त्यातच गेले. रात्री डोळे मिटले की मायक्रोफिल्म सरकत राहायची.

चौथ्या काउंटीत मी आडनाव शोधायचं सोडून दिलं. कॉरोनरच्या चौकशीची रजिस्टरं मागितली. कॉरोनर म्हणजे अपघाती किंवा बेवारशी मृत्यूची चौकशी करणारा काउंटीचा अधिकारी. आपल्याकडे पोलीस पंचनामा करतात, साधारण तसंच. कोर्टहाउसच्या तळघरात ती रजिस्टरं होती, तीन तासांच्या ड्राइव्हवर. तिथल्या व्हॉलंटियर बाईने माझ्यापुढे जाड पुस्तक ठेवलं आणि म्हणाली, "यात आनंदाचं काही नसतं हं." मी म्हटलं, "माहीत आहे."

दुपारी तो मिळाला. 'स्कॉच नील'. वय तीस ते पस्तीस. आडनाव अज्ञात. लाकूड कॅम्पवर कामाला. सुट्टीच्या दिवशी टाउनला जातो म्हणून निघाला. नदीला पाणी चढलेलं होतं. मुकादमाची साक्ष होती, 'होडी येईपर्यंत थांब म्हटलं होतं, थांबला नाही. दुकानं बंद होतील म्हणाला.' तीन दिवसांनी प्रेत नदीच्या खालच्या अंगाला सापडलं. काउंटीच्या बेवारशी जागेत पुरलं. खाली खिशातल्या वस्तूंची यादी होती. चाकू, पाइप, तंबाखूची डबी, कंगवा, सुतळीचे चार तुकडे. प्रत्येक वस्तूपुढे 'किंमत नाही'.

वर्ष जुळत होतं. वय थोरल्या नीलचं होतं. उत्तरेकडचा कॅम्पही जुळत होता. पण स्कॉच नील हाच आपला नील, हे म्हणायचं कशावरून? त्या जंगलात स्कॉटिश माणसं भरपूर होती. मी पानाचे फोटो काढले आणि परत निघाले. घाटात धुकं होतं, गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. मला त्या क्षणी फक्त झोपायचं होतं.

ब्रायनने विचारलं, "प्रूफ आहे?"

"नाही. शक्यता आहे. बऱ्यापैकी."

"मग एक पान लिही. चूक कबूल कर, शक्यता म्हणून हे जोड. ईमेल कर."

पान लिहिलं. ईमेल केली नाही. पहिला रिपोर्ट पीडीएफ म्हणून पाठवला होता, अ‍ॅटॅचमेंट, खाली रिगार्ड्स. या वेळी तोंड दाखवायला हवं, असं वाटलं.

डॉरिस तिच्या छोट्या घरात खुर्चीत बसली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी. तीन वर्षांत निम्मी झाली होती. तिने मला ओळखलं.

"तू? कशाला आलीस इतक्या लांब?"

"माझी चूक झाली, डॉरिस. मोंटानाचा माणूस तुमचे आजोबा नव्हते. त्यांचा भाऊ होता. त्याचंही नाव नील."

मी दोन आजोबांच्या नावांचं सगळं समजावून सांगितलं. नळीतून हवेचा बारीक आवाज येत होता.

"ख्रिसमसला मी तुझा रिपोर्ट सगळ्यांना वाचून दाखवला," ती म्हणाली. "पोरासोरांना. म्हटलं, बघा, माझे बाबा म्हणायचे तेच खरं. आणि ती कोरी बाजू होती ना दगडाची? तिथे मी माझं नाव कोरून घेतलं. आजीशेजारी मीच जाते म्हटलं. बिचारी किती वर्षं एकटी आहे."

हे मला माहीत नव्हतं. नीलला मी नुसता बदनाम केला नव्हता, त्याची जागाही घालवली होती.

"मग तो गेला कुठे?" तिने विचारलं.

मी पान दिलं. ती भिंग घेऊन वाचायला लागली. नदी आली, मुकादम आला. ती चेहऱ्यावर काहीही न दाखवता वाचत होती. मी आधीच सांगून टाकलं, "हे नक्की नाही. तेच असतील असं मी म्हणत नाही."

"मागच्या वेळी तर म्हणाली होतीस, नक्की."

"हो. मागच्या वेळी मला पूर्ण खात्री होती."

ती पुढे वाचत गेली आणि यादीवर थांबली. भिंग एकाच ओळीवर धरलेलं. मला वाटलं दम लागला, मी उठले. तिने मला हाताने थांबवलं.

"सुतळीचे चार तुकडे," ती म्हणाली. "गाठी होत्या का त्यांना?"

माझ्या पानात गाठींचं काहीच नव्हतं. कारकुनाने लिहिलं होतं ते मी गाळलं होतं. कामाचं नाही म्हणून. मी तिला उत्तर दिलं नाही. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर एवढं कळतं, की अशा वेळी आपण काही सुचवायचं नसतं.

"कशा गाठी?" मी विचारलं.

"एकाला एक, एकाला दोन, तीन, चार. थोरल्याला एक, मग पुढे. आमच्या घरी असंच होतं. टाउनला जायच्या आधी बाबा आम्हाला रांगेत उभं करायचे. पायाखाली सुतळी धरायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, आणि कापायची. कुणाची कुठली ते कळावं म्हणून गाठी मारायच्या. सुतळी दुकानात न्यायची आणि त्या मापाचे बूट आणायचे. पोरांना टाउनला कोण नेणार? हे बाबांना आजीने शिकवलं होतं. आमच्या घराशिवाय गाठी कुणी मारत नव्हतं. शाळेत पोरं हसायची."

मी फोन काढला. पानाचा फोटो उघडून मोठा केला आणि तिच्या भिंगाखाली धरला. कारकुनाचं अक्षर सुबक होतं. सुतळीचे तुकडे चार, लांबी वेगवेगळी, एकास एक गाठ, एकास दोन, एकास तीन, एकास चार. किंमत नाही.

डॉरिस रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू? क्लायंटसमोर रडायचं नसतं, हेही आम्हाला शिकवतात.

"चार गाठींची माझ्या बाबांची," ती म्हणाली. "सगळ्यांत धाकटे. तेव्हा चालायलाही लागले नसतील धड." थोड्या वेळाने म्हणाली, "ते त्याच्या नावाने थुंकायचे. शेवटपर्यंत. त्यांना आता कोण सांगणार?"

मी दोघींसाठी चहा केला. टीबॅगचा पांचट चहा. तिने घेतला.

मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "दगडावरचं कोरलेलं काढता येतं का?"

"येत असेल. पण तिथे तुमचं नाव आहे."

"मी अजून मेले नाही. तो शंभर वर्षांवर झालं, उन्हापावसात बिननावाचा पडलाय. त्याची घाई जास्त आहे."

दगडकाम करणाऱ्याने आधी नाही म्हटलं, मग घासून दिलं. ती बाजू थोडी खोल गेली आहे, हात फिरवला तर कळतं. तिथे आता नील मॅकास्किल आहे. रॉय मोंटानाहून गाडी घेऊन आला. दगडासमोर टोपी काढून उभा राहिला. मला म्हणाला, "तुमची माफी पोचली." डॉरिसला चाकाच्या खुर्चीत आणलं होतं. तिने दगड बघितला, फ्लोराच्या नावावर हात ठेवला, आणि पुतण्याला म्हणाली, "आता मागे घे."

मागे दोन रांगा सोडून तिच्या वडिलांची कबर होती. तिने पिशवीतून माझं ते एक पान काढलं आणि कबरीसमोर मोठ्याने वाचायला लागली. पहिल्या ओळीपासून. 'आमच्या आधीच्या रिपोर्टमधला निष्कर्ष चुकीचा होता.' दम लागत होता, मध्ये थांबत होती. नदी वाचली, मुकादम वाचला, होडी वाचली. चाकू, पाइप, डबी, कंगवा. गाठींची ओळ मी नंतर हाताने लिहून जोडली होती, ती तिने दोनदा वाचली. तळटीपाही सोडल्या नाहीत. रजिस्टरचा नंबर, पान नंबर, सगळं. वीस वर्षं मी रिपोर्ट लिहिते आहे. पण त्यातला एकही माझ्यासमोर कुणी मोठ्याने वाचला नव्हता. मी कोटाच्या खिशात हात घालून, मान खाली घालून उभी होते. वाचून झाल्यावर तिने पानाची घडी घातली. "बाबा, संपलं," असं म्हणाली आणि घरी न्यायला सांगितलं.

फेब्रुवारीत ती गेली. पुतण्याने कळवलं. अस्थी आजी-आजोबांच्या दगडाच्या पायथ्याशी ठेवल्या आहेत, वर छोटी पाटी.

मी अजून कामावर आहे. कमी करणार होते, जमलेलं नाही. ऑफिसमध्ये नव्या माणसांना हल्ली मीच शिकवते. नियम सगळे सांगते, कारण नियम बहुतेक वेळा बरोबर असतात. पण वंशवृक्षात कुणाच्या नावापुढे 'बालपणी मृत्यू' असं दिसलं की मी तो कागद परत पाठवते. कुणाला मेलेला म्हणायचं तर तो मेल्याची नोंद आणून दाखवायची. नसेल तर तो जिवंत आहे असं धरून शोधत राहायचं, कंटाळा आला तरी.